कात्रीतला त्र

मानपत्राचा पहिला शब्दच पोराला वाचता आला नाही.

तिसरीतला मुलगा. घरात सगळ्यात धाकटा, म्हणून गल्लीत सगळे त्याला बारक्या म्हणतात. मी प्रूफचा कागद काढून आणला होता आणि काकूंच्या कटिंगच्या टेबलावर पसरला होता. बारक्यानं हात शर्टाला पुसले, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, "स" म्हणाला आणि थांबला. मी पुढचं सांगणार तेवढ्यात काकूंनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. गप्प राहायचं, असा त्याचा अर्थ. बारक्यानं कागदाकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "काकू, ह्यो अर्धा न हाय. अर्धं आपलं अजून झालं न्हाई."

शब्द होता 'सन्मानपत्र'.

मी साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला एका छापखान्यात डीटीपीचं काम करतो. बावीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, कार्यअहवाल, बिलबुकं, जयंत्यांचे फ्लेक्स, आणि मानपत्रं. सेवानिवृत्ती, पंचाहत्तरी, जीवनगौरव, सगळ्याची मानपत्रं माझ्या हातून गेलीत. त्यामुळं ती भाषा मला पाठ आहे. 'आपल्या निःस्वार्थ सेवेची दखल घेताना आम्हांस अत्यानंद होत आहे', 'ज्ञानदानाचे पवित्र कार्य', 'कृतज्ञतेचा हा अल्पसा प्रयत्न'. ही भाषा मला कधी खोटी वाटली नाही. तीस वर्षं एका जागी राबलेल्या माणसासमोर कोणीतरी माईकवर ही वाक्यं वाचतं तेव्हा त्या माणसाच्या ओठांची जी थरथर होते, ती मी मंडपात मागं उभा राहून पाहिली आहे. म्हणूनच काकूंचं मानपत्र लिहायला बसलो तेव्हा माझ्याकडची सगळ्यात चांगली वाक्यं काढली होती.

काकू आमच्या गोडोलीतल्या गल्लीत राहतात. वय एकसष्ट. शिक्षण सातवीपर्यंत. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश आणि फॉल-पिको करून त्यांनी दोन मुलं मोठी केली. शिलाई मशीन दाराजवळ उजेडाला, आत कटिंगचं टेबल, भिंतीला बटणांचे डबे. २०२१ च्या पावसाळ्यात माप द्यायला आलेल्या एका बाईबरोबर तिची मुलगी होती, दुसरीत गेलेली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ही जूनमध्ये पहिलीत बसली, म्हणजे नाव पहिलीत आणि पोर घरात. घरात एक मोबाईल, तोही वडिलांबरोबर कामावर. ऑनलाईन वर्ग तिच्यापर्यंत पोचलाच नाही. काकूंनी सहज विचारलं, तुझं नाव लिहून दाखव. तिनं शिंपी खडूनं टेबलावर एक वर्तुळ काढलं आणि आईकडं बघितलं.

काकू मला एकदा म्हणाल्या, "मला त्या गोलाचंच लई वाईट वाटलं बघ. तिला वाटलं, आपण कायतरी लिहिलं."

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी साडेपाचला यायला लागली. मग तिचा भाऊ. मग मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींचा नातू. पुढं बांधकामावर आलेल्या विजापूरकडच्या कुटुंबातली दोन पोरं, घरात कानडी बोलणारी. शाळा उघडल्या तरी ती येतच राहिली. गेल्या नोव्हेंबरात अकरा जण होते. फी नाही, हजेरी नाही, बोर्ड नाही. साडेपाच ते सात. दिवाळीच्या आधी शिलाईचं काम अंगावर येतं तेव्हा काकू एका पायानं मशीन चालवतात आणि कानानं वाचन ऐकतात. कोणी चुकलं की मशीनचा आवाज थांबतो. पोरांना ते कळतं, ती मागं जाऊन पुन्हा वाचतात.

सत्कार करायचा हे मंडळाच्या बैठकीत ठरलं. तारखेवरून बरंच बोलणं झालं. आमचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना कर्मवीरांची जयंती हवी होती. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या आणि १९२४ पासून साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवून शिकवणाऱ्या भाऊरावांची आठवण अशा कामाला शोभतेच. पण २२ सप्टेंबर होऊन गेला होता. ७ नोव्हेंबरही गेला होता. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेच्या पटावर चढलं, म्हणून आता तो विद्यार्थी दिवस असतो आणि त्याचे फ्लेक्स मीच त्याच आठवड्यात काढून दिले होते. पुढं येणारी तारीख म्हणजे ३ जानेवारी. सावित्रीबाई आमच्या जिल्ह्यातल्या. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात १८३१ साली जन्मल्या. लग्न होऊन गेल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती, जोतीरावांकडून शिकल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या. तारीख पक्की झाली.

काकू मात्र तयार नव्हत्या. नाही म्हणण्याचं त्यांचं कारण मला आधी लाजेचं वाटलं. ते तसं नव्हतं. त्या म्हणाल्या, "माझा सत्कार केला की लोक म्हणणार, शाळेत काय शिकवत न्हाईत म्हणून हिच्याकडं यावं लागतं. शाळेतल्या बाई चांगल्या आहेत. त्यांच्यापुढं चाळीस डोकी आणि वर माहिती भरायची कामं. माझ्यापुढं अकरा. त्यांना खाली बघायला लावणारा सत्कार मला नको."

त्यांचं म्हणणं खरं होतं. पोरांची पातळी बघायचा कागदसुद्धा त्यांना शाळेतल्या बाईंनीच झेरॉक्स करून दिलेला. पोरांना वाचता येतं का ते देशभर बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत २००५ पासून वापरतात तसा, एका पानावर चार चौकटी. सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठल्या चौकटीपर्यंत जातं ते बघायचं आणि तिथून पुढं शिकवायचं. इयत्ता कुठली का असेना. काकूंच्या वहीत प्रत्येक पोराच्या नावापुढं तारीख आणि चौकट लिहिलेली असते. नोव्हेंबरात गोष्टीवर चार जण, शब्दांवर पाच, अक्षरांवर दोन.

शेवटी असं ठरलं की शाल शाळेतल्या बाईंच्या हातून द्यायची, बाहेरचा पाहुणा बोलवायचा नाही. आणि काकूंनी एक मागितलं. मानपत्र पोरं वाचतील. नुसती गोष्टीवाली चार नाही, अकराही जण.

म्हणून मी प्रूफ घेऊन गेलो होतो, आणि बारक्या पहिल्या शब्दावर अडला होता.

त्या रात्री घरी येऊन मी आधीच्या मजकुरातली जोडाक्षरं पेन्सिलनं गोल करायला लागलो. पान गोलांनी भरलं. सन्मान गेला, सत्कार गेला, कृतज्ञता गेली, ज्ञान गेलं. यांची मला धास्ती होतीच. पण मग 'अक्षर' या शब्दाशी आलो. त्यातच क्ष. 'शब्द' मध्ये जोडाक्षर. 'गोष्ट' मध्ये, 'पुस्तक' मध्ये, 'वाक्य' मध्ये, 'शिक्षण' मध्ये, 'विद्यार्थी' मध्ये तर दोन. वाचायला शिकवणाऱ्या बाईंविषयी लिहायचं आणि यातला एकही शब्द वापरायचा नाही. 'संध्याकाळ' नाही. 'प्रेम' नाही. आणि सगळ्यात शेवटी लक्षात आलं की 'आम्ही' आणि 'तुम्ही' सुद्धा नाही, 'आमच्या', 'तुमच्या' नाही. मानपत्रात आम्ही आणि तुम्ही नसतील तर कोण कोणाशी बोलणार?

मी छापखान्यात साहेबांना सांगून चार दिवस लवकर निघालो आणि साडेपाचला काकूंच्या उंबऱ्याशी जाऊन बसलो. लिहायचं कोणासाठी ते आधी बघायला हवं होतं.

अक्षरांवरच्या दोघी टेबलाच्या एका टोकाला. काकू क ख ग घ पासून सुरू करत नाहीत. ती मांडणी उच्चार तोंडात कुठून निघतो त्यावरून केलेली आहे आणि ती थोरच आहे, पण क ख ग घ ङ शिकून पोराच्या हाती शब्द काही लागत नाही. त्या ग म भ न पासून सुरू करतात. चौघांनाही उजवीकडं उभी काठी, वळणं एकमेकांच्या जवळची. शिंपी खडूनं टेबलावर हातभर मोठा ग काढायचा, पोरीनं त्यावर बटणं मांडायची, हातानं खडू जिकडून सुरू झाला तिकडूनच. एका दिवसाला एक अक्षर. चौथ्या दिवशी चार अक्षरांत मन, मग, नभ, नमन निघतात. मी बसलो होतो त्यातल्या तिसऱ्या दिवशी एका मुलीनं म आणि न ची बटणं शेजारी सरकवली, "म... न..." असं दोनदा सुटं म्हटलं आणि तिसऱ्यांदा एकदम "मन!" म्हणून काकूंकडं बघितलं. काकूंनी शाबासकी दिली नाही. त्या म्हणाल्या, "आता उलटं सरकव." तिनं न आधी घेतला. "न... म..." बराच वेळ बघून म्हणाली, "ह्याला कायच म्हणत न्हाईत." काकू म्हणाल्या, "बरोबर." वाचणं म्हणजे अक्षरांचे आवाज जोडणं, आणि जोडलेल्यातून ओळखीचं काही निघतंय का ते ऐकणं, एवढं मला त्या दोन बटणांच्या रांगांवरून कळलं.

शब्दांवरची पाच जण बाराखडीत होती. क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि. ही पहिली वेलांटी पोरांना फार छळते. ती लिहिलेली दिसते अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर. डावीकडून वाचायला शिकवलेल्या पोराला वेलांटी आधी भेटते, ते बुचकळ्यात पडतं, आणि 'किडा' चा 'इकडा' होतो. काकू त्याला वेलांटी बोटानं झाकून ठेवायला लावतात. आधी क म्हण, मग बोट काढ. च आणि ज ची दुसरी अडचण. चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा. जेवणातला ज वेगळा, जवळचा वेगळा. लिहायला एकच. कानडी बोलणारी पोरं तिथं हमखास अडतात. काकूंनी त्याला नियम सांगितलेला मी ऐकला नाही. त्या म्हणतात, "दोन्ही म्हणून बघ. जे ओळखीचं वाटंल ते खरं."

चौथ्या दिवशी मी पोरांना विचारलं, काकूंना काय सांगायचंय ते सांगा, मी लिहून घेतो. आधी सगळी शाळेत पाठ केलेलं बोलायला लागली. काकू खूप चांगल्या आहेत, त्या आम्हाला शिकवतात. मग बारक्या म्हणाला, "काकू वाट बघत्यात." म्हणजे काय, विचारलं. "चुकलं तर सांगत न्हाईत. बोट ठेवत्यात आन् वाट बघत्यात." तिथून ओघ सुटला. एक मुलगी म्हणाली, आजीच्या खोकल्याच्या बाटलीवरचं नाव मी वाचते, आजीला दोन बाटल्यांतला फरक कळत नाही. दुसरी म्हणाली, विजेचं बिल मी वाचलं, शेवटची तारीख मीच पप्पांना सांगितली, त्यांना वाटत होतं अजून आठ दिवस आहेत. ती हे सांगत असताना मशीन थांबली होती. काकूंना हे माहीत नव्हतं.

त्या रात्री मजकूर झाला. आम्ही आणि तुम्ही नव्हतेच, म्हणून 'मी' आला आणि 'तू' आला. मी बावीस वर्षांत 'मी' म्हणणारं एकही मानपत्र जुळवलेलं नव्हतं. संध्याकाळ घालता येईना म्हणून 'आई कामाला गेली की' असं लिहिलं, आणि तीच त्या घरांतली खरी वेळ आहे.

एकच गाठ सुटेना. तारीख ३ जानेवारी आणि सावित्रीबाईंचं नाव नाही, हे कसं चालेल? त्या नावात त्र आहे. माई लिहून पाहिलं, कोण माई ते कळेना. आणि वर 'मानपत्र' हा शब्द आहेच, त्यातही तोच त्र. 'गौरव' लिहिलं तर अर्थ चुकत नाही, पण पोरांना हातात मानपत्र धरून मानपत्र म्हणता यायला हवं होतं. मी काकूंना जाऊन सांगितलं.

त्यांनी विचार केला. अर्धी अक्षरं त्या फेब्रुवारीत घेणार होत्या, सगळ्यांचे काने-मात्रे पक्के झाल्यावर. म्हणाल्या, "एक तेवढं आत्ता घेते. बाकीची नंतर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना गोल बसवलं आणि काही न बोलता टेबलावरची मोठी कात्री उचलून मधे ठेवली. काळ्या मुठीची, कापड कापायची, तीस वर्षं वापरलेली. "हे काय?" सगळी म्हणाली, कात्री. "पुन्हा म्हणा. हळू." का... त्री. "त्री म्हणताना जीभ काय करती बघा." पोरं जीभ बाहेर काढून एकमेकांची बघायला लागली. त् म्हणून थांबा. थांबलेला त् म्हणजे अर्धा त. मग त्याला र जोडा. काकूंनी उरलेल्या चिंध्यांतला एक तुकडा घेतला, मधोमध कापला. "हा अर्धा. नुसता अंगात घालता येतो का? न्हाई. ह्याला पुढचं जोडून शिवायचं, मग ते कापड." आणि टेबलावर खडूनं त्र काढला. मग म्हणाल्या, घरात शोधा अजून कुठं कुठं त्र आहे ते. छत्री, चित्र, रात्र, मित्र, पत्रा. बारक्या ओरडला, "कुत्रं!" विजापूरचा मुलगा बराच वेळ गप्प होता, तो म्हणाला, "रविवारची जत्रा." आणि मग काकूंनी खडूनं हळूहळू एकेक अक्षर लिहिलं. सा. वि. थांबल्या. सगळ्यांची तोंडं हलत होती. त्री. बा. ई.

र जोडाक्षरात किती रूपं घेतो हे मी रोज टाईप करतो. सूर्यातला डोक्यावर चढतो, ट्रकमधला पायाशी दोन रेघा होतो, चक्रातला एक तिरकी रेघ, पऱ्यातला वेगळाच. तो असा कात्रीतून निघताना मात्र पहिल्यांदा पाहिला.

छपाईत एक चूक मी वेळेवर पकडली, म्हणजे खरं तर एका मुलीनं पकडली. नवीन प्रूफ अठ्ठावीस पॉईंटात, ओळींत भरपूर जागा सोडून काढलं होतं. ती 'दिलास' वर अडली. ल तिला येत होता. तिनं बोटानं टेबलावर काढून दाखवला, दोन पाकळ्यांचा, बालभारतीच्या पुस्तकात असतो तसा. मी वापरलेल्या फॉन्टमध्ये ल हिंदी वळणाचा होता, उभ्या काठीचा. आपण मोठी माणसं तो फरक न बघता वाचून जातो. श ची तीच कथा. मी फॉन्ट बदलला. त्यानंतर मुलांसाठीचं कुठलंही काम आलं की मी आधी ल आणि श बघतो.

मंडळात मजकूर वाचून दाखवला तेव्हा अध्यक्षांचा चेहरा उतरला. भाषेवर नाही, 'तू' वर. एकसष्ट वर्षांच्या बाईंना मानपत्रात अरेतुरे? आपण 'आपण' घाला, त्यात जोडाक्षर नाही, असं ते म्हणाले. आणि ते बरोबर होतं, 'आपण' बसत होतं. मी तसं करूनही पाहिलं. 'आपण मला ग दिलात' असं पोरांनी वाचलं की ती दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतायत असं वाटायचं. त्या चर्चेत भाजीवाल्या मावशी दारात उभ्या होत्या, नातवाला न्यायला आलेल्या. त्या म्हणाल्या, "आईला कुणी अहोजाहो करतं का, गुरुजी?" अध्यक्ष थोडा वेळ कागदाकडं बघत राहिले आणि म्हणाले, राहू द्या.

छापलेला मजकूर हा.

मानपत्र
काकू, आज तीन जानेवारी. आज सावित्रीबाईंचा वाढदिवस.
आई कामाला गेली की मी तुझं दार गाठतो.
तू कापड कापतेस, मी पाटी पुसते.
तू मला ग दिलास, म दिलास, भ दिलास, न दिलास.
मी ते जोडलं आणि मन वाचलं. नमन वाचलं.
तुझी कात्री बघून मी त्र शिकलो.
माझं चुकलं तर तू रागावत नाहीस. तू बोट ठेवतेस आणि वाट बघतेस.
आता मी दुकानाची पाटी वाचतो.
आजीची औषधाची बाटली मी वाचते.
घरी आलेलं वीजबिल मी वाचलं.
आज हे मानपत्र पण मीच वाचते.
काकू, तुला नमन.

अकरा ओळी अकरा जणांना, शेवटची सगळ्यांनी मिळून. अक्षरांवरच्या दोघींपैकी एकीला चौथी ओळ दिली. 'तू मला' आणि 'दिलास' बाकीच्यांनी म्हणायचं, ग म भ न तिनं. दुसरीला 'मी ते जोडलं' ची ओळ. त्यातले मन आणि नमन तिचे.

३ जानेवारीला समाजमंदिरात थंडी चांगलीच होती. मंडळानं सतरंज्या घातल्या होत्या, पण बायका कामावरून परस्पर आल्या आणि बऱ्याच भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. शाळेतल्या बाईंनी सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला, मग काकूंना शाल पांघरली. दोघी एकमेकींचे हात धरून काहीतरी बोलल्या, ते ऐकू आलं नाही. नारळ काकूंनी मांडीवर घेतला आणि शेवटपर्यंत तसाच धरून ठेवला.

पोरं ओळीत उभी राहिली, प्रत्येकाच्या हातात एक प्रत. पाठ करू द्यायचं नाही असं काकूंनी बजावलं होतं, म्हणून अक्षरांवरच्या दोघी सोडून बाकीच्यांच्या ओळी आदल्या रात्री अदलाबदल केल्या होत्या. बारक्यानं 'मानपत्र' वाचलं आणि पहिली ओळ वाचली. सावित्रीबाईंच्या नावाला त्याचं बोट सेकंदभर थांबलं आणि पुढं गेलं. सगळं नीट चाललं होतं. नवव्या ओळीला 'आजीची' म्हणून झालं आणि मुलगी अडली. 'औषधाची'. औ रोजच्या वाचनात कमी येतो, ष पण कमीच. माईकमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. पुढच्या रांगेतून कोणीतरी "औ" म्हणालं, मागून अजून एकानं पूर्ण शब्द सांगायला सुरुवात केली. काकूंनी खुर्चीवरून हात वर केला. मांडीवरचा नारळ एका हातानं सावरत, दुसरा हात वर. सभागृह गप्प झालं. किती वेळ गेला सांगता येणार नाही, मला तो फार मोठा वाटला. ती मुलगी बोट अक्षराखाली धरून उभी होती. तिची आई भिंतीशी उभी होती, तिनं पदर तोंडात धरला होता. मग मुलगी म्हणाली, "औ... ष... औषधाची बाटली मी वाचते."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण अजून तीन ओळी बाकी होत्या. पण शाळेतल्या बाईंनी डोळे पुसलेले मी पाहिले.

नंतर पेढे वाटले, कंदी पेढे, मोती चौकातून आणलेले. अध्यक्षांनी आभार मानले. काकूंना बोलायला सांगितलं तर त्या उठल्या आणि एवढंच म्हणाल्या की उद्या वर्ग आहे, साडेपाचला.

फ्रेम मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी नेऊन दिली. खिळा कुठं मारू विचारलं. भिंतीवर वर देवांच्या फोटोंशेजारी जागा होती. काकूंनी खाली, कटिंगच्या टेबलाच्या अंगाला जागा दाखवली, पोरं बसतात त्यांच्या डोळ्यांसमोर. "वर लावलं तर वाचणार कोण?" उरलेल्या प्रती त्यांनी मोजून घेतल्या आणि शब्दांवरून उताऱ्याकडं जाणाऱ्या पोरांना तोच उतारा म्हणून वापरायला काढल्या. माझ्याकडं अजून दहा मागितल्या, ल दोन पाकळ्यांचाच ठेव म्हणून.

मार्च संपता संपता त्यांचा निरोप आला, संध्याकाळी ये म्हणून. मी गेलो तर त्यांनी बटणांच्या डब्याखालून एक घडी घातलेला कागद काढला. माझं पहिलं प्रूफ. मला वाटलं होतं ते रद्दीत गेलं असेल. फेब्रुवारीत अर्धा न झाला होता, अर्धा म, अर्धा स, रफार झाला होता. ज्ञ नुकताच घेतला होता. बारक्याला बोलावून कागद टेबलावर पसरला. त्यानं हात शर्टाला पुसले, बोट ठेवलं.

"स... न्मा... सन्मानपत्र."

काकूंनी मान हलवली. पुढं. त्यानं 'आपल्या' वाचलं. मग बोट 'निःस्वार्थ' वर आलं आणि तिथंच राहिलं. "काकू, ह्ये दोन टिपके कशाचे?"

"त्याला विसर्ग म्हणत्यात. तो अजून झाला न्हाई आपला," काकू म्हणाल्या. "ते सोड. पुढचं वाच."